खिडकीजवळची मोरी

मंगरूळपीर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्नेहा हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं बराच वेळ बोललात. तुमचे ओठ हलत होते, मी मान हलवत होते. काय बोललात कोण जाणे! कान आता कामातून गेले, आणि ते मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजते. म्हणून कागद घेतला. लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा. तूही तसंच कर. अंगणवाडीत जन्मभर रजिस्टरं भरली आहेत, माझं अक्षर तुला लागेल.

प्रसेनने बातमी मात्र लिहून पाठवली म्हणून बरं झालं. ‘तू आजी होणार, मे महिन्याच्या शेवटी.’ मी तशीच अनवाणी शेजारच्या हलिमाकडे धावले. तिच्या फरहीनच्या दोन्ही पोरांना मीच न्हाऊ घातलं होतं, ते तुला सांगितलंच आहे. ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, “आता तू कायले थांबतं वं इथं? बांध बोचकं!”

तर मी येणार. मार्चमध्ये व्हिसाचे कागद घालते. तुला आई नाही, म्हणून बाळंतपण परक्या देशात एकटीने काढायचं असं काही नाही. आमच्या वॉर्डातली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाली. माझ्या स्वतःच्या प्रसेनला मात्र सासूबाईंनीच न्हाऊ घातलं, कारण मी नोकरीवर. ती हौस राहिली आहे, आणि ती मी तुझ्या बाळावर फेडून घेणार.

तोवर तुला माहीत असावं म्हणून लिहिते. जमिनीलगत पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, आणि दोन्ही नडग्यांच्या मधे बाळाला ठेवायचं. पाण्याचा ताव बोटाने बघायचा नाही, कोपराने बघायचा. आधी तेल, मग दुधात कालवलेलं बेसन. हात सैल सोडायचा नाही आणि आवळायचाही नाही. मुख्य म्हणजे तोंडाने सारखं काहीतरी बोलत राहायचं. काय बोलतो त्याला महत्त्व नाही, आवाज आला की लेकरू घाबरत नाही. बाकीचं मी आल्यावर दाखवते, ते लिहून कळायचं नाही.

जागेची चिंता नाही. मागे पाच महिने तुमच्याकडे राहून पाहिलं, तुमचा तो टब म्हणजे म्हशीचं टाकं. माझे गुडघे त्यावरून कधी गेलेच नाहीत, आणि उभ्याने आंघोळ म्हणजे नुसतं अंग ओलं करणं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही. तुम्ही दोघं कामावर गेलात की तुझं बागेतलं छोटं स्टूल वर आणायचं, बाथरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यात मांडायचं आणि बादलीभर ऊन पाण्याने छान आंघोळ करायची. तिथे जमिनीला थोडा उतार आहे. पाणी कोपऱ्यात जायचं आणि बघता बघता नाहीसं व्हायचं. तुमच्या इंग्लंडची मोरी दिसत नाही, पण काम चोख! बाळालाही आपण तिथेच न्हाऊ घालू.

इकडे सोयाबीन निघालं, तुरी फुलावर आहेत. तू जड उचलू नकोस. त्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना उचलायला म्हणावं दुसरं कोणी ठेवा.

तुझी
आई


डर्बी
२ डिसेंबर २०२४

ती. आईंस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी कामावर, चहाच्या सुट्टीत वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पाटाचं आणि कोपराचं वाचताना रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं. मला असं कोणी कधी सांगितलंच नाही. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते, असं काही विचारायचं ते वयच नव्हतं.

तुमची पत्रं मी एरवी प्रसेनजितला वाचून दाखवते. हे दाखवलं नाही. यात बायकांच्या गोष्टी आहेत, असं म्हटलं त्याला. तुम्हीही त्याला यातलं काही लिहू नका, ही विनंती.

आता घरची बातमी. घाबरू नका, कोणाला काही लागलेलं नाही. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघराचं छत खाली आलं. सगळं नाही, सिंकच्या वरचा एक मोठा तुकडा. वर बाथरूम आहे ना, त्याची जमीन लाकडाची आहे. इथल्या जुन्या घरांत वरचा मजला लाकडाचाच असतो. लाकडी तुळया, त्यावर भुशाच्या दाबलेल्या फळ्या, आणि वरून नुसतं प्लॅस्टिकचं कापड चिकटवलेलं. त्याखाली पाणी गेलं आणि फळ्या भिजून भाकरीसारख्या फुगल्या. दोन तुळयांची टोकंही कुजली आहेत.

बिल्डर येऊन गेला. पूर्ण बाथरूम काढून नवीन करायचं तर चौदा हजार पौंड म्हणाला, म्हणजे आपले पंधरा लाख. विमावाल्यांनी हात वर केले. पाइप एकदम फुटला असता तर पैसे मिळाले असते, हळूहळू मुरलेल्या पाण्याचे ते देत नाहीत. घर घेताना आमच्याजवळ होतं ते सगळं गेलं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. प्रसेनजित चार दिवस जेवला नाही.

पाणी टबाच्या बाहेर सांडत होतं, असं बिल्डरचं म्हणणं. प्रसेनजित म्हणतो, मी शॉवरचा पडदा नीट ओढत नाही, माझंच चुकलं. असेल. मी वाद घातला नाही.

तोडफोड तो स्वतः करणार आहे, सुट्टीच्या दिवशी. म्हणजे चार हजार वाचतील. नवीन करताना जमिनीला जाळी बसवून खरी मोरी करून घेऊ, असं मी सुचवलं आहे. तुम्ही नक्की या. बाकी काही झालं तरी तुम्ही यायचंच.

तुमची
स्नेहा


मंगरूळपीर
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. स्नेहा हिस,
जयभीम.

पंधरा लाख वाचून मी खाली बसले. पंधरा लाखांत इथे माडी चढते, आणि तुमच्याकडे नुसतं न्हाणीघर!

राग येणार असेल तर येऊ दे, पण बोलते. बाई, पाणी असं वापरतात का? माझी आजी विहिरीच्या ओट्याखाली हात जोडून बसायची, वरून कोणी ओतलं तर घागर भरायची. मी स्वतः टँकरमागे धावले आहे. आमच्या घरात कोणी पाण्याचा थेंब वाया घालवला नाही. तुम्ही नळ सोडून त्याखाली उभ्या राहता, पडदा कुठे आहे याचं भान नाही, आणि घर पोखरलं जातं ते कळत नाही! नवऱ्याने दोन वर्षं रात्रपाळ्या करून घेतलेलं घर आहे ते. तो बोलला असेल तर त्याचं काय चुकलं? तू चूक कबूल केलीस हे मात्र मला आवडलं. उलट उत्तर दिलं नाहीस, यात तुझ्या आईचं वळण दिसतं.

मी इंग्लंडात पाच महिने आंघोळ केली, एक थेंब कुठे दिसला का तुम्हाला?

असो. बोलून मोकळी झाले. मोरी करून घेणार हे चांगलं. प्रसेन हाताने काम करतो आहे याचा मला अभिमान आहे. कारंज्याला गेले होते, मऊ सुती कापड आणलं. दुपटी शिवायला घेतली आहेत. हलिमा काठाला रंगीत दोरा घालते आहे.

दूध पीत जा.

तुझी
आई


डर्बी
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
सविनय जयभीम.

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

बाळ चांगलं आहे. मुलगी आहे, इथे आधीच सांगतात. रात्रीची फार हलते. तुमच्या दुपट्यांचा फोटो मी माझ्या कपाटाला आतून चिकटवला आहे.

काम मात्र अडकलं आहे. प्रसेनजितला वाटलं होतं दोन-तीन रविवारांत तोडफोड होईल. एक फळी काढली की खालची कुजलेली निघते. आता सगळी जमीन उघडी आहे. तुळया दिसतात, आणि तुळयांच्या मधून खालचं स्वयंपाकघर दिसतं. संडास त्याच खोलीत, पलीकडच्या टोकाला. तिथे जायला त्याने दोन फळ्या आडव्या टाकल्या आहेत. मला आता रात्री तीन-चारदा उठावं लागतं, आणि पोटामुळे पायाखालचं दिसत नाही. मी भिंतीला हात लावून जाते.

माझ्यासोबत काम करणारी एक बाई म्हणाली, तिच्या घरी एक खोली आहे, महिना-दीड महिना भाड्याने राहा. मी प्रसेनजितला विचारलं. तो म्हणाला, “तुझ्याच्यानं हा खर्च आला, आता अजून भाडं भरू का?” मग दार आपटून गेला. तो असा नव्हता, आई. पैशाने तो दुसराच माणूस झाला आहे.

तुमचं तो ऐकतो. तुम्ही एकदा लिहाल का त्याला? मी सांगितलं असं लिहू नका. तुम्हालाच काळजी वाटली असं लिहा.

तुमची
स्नेहा


मंगरूळपीर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्नेहा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

नात होणार! हलिमाने साखर वाटली, मी नको म्हणत असताना.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाड्याच्या खोलीचं मी प्रसेनला लिहिणार नाही. मला पटलं नाही. तो पै पै वाचवतो आहे ते कोणासाठी? त्यात आपण भर घालायची की काढून घ्यायची? गरोदर बाई म्हणजे काचेचं भांडं नव्हे. प्रसेन पोटात असताना नाल्यावरचा पूल वाहून गेला होता, तेव्हा मी आडव्या टाकलेल्या विजेच्या खांबावरून पलीकडच्या वस्तीत जायची, डोक्यावर अंगणवाडीच्या सुकडीचं पोतं घेऊन. तुझ्या तर घरातल्या घरात दोन फळ्या आहेत. हळू जा, दिवा लावून जा. एवढ्या-तेवढ्याला घर सोडलं तर नवऱ्याचं मन उडतं. दोन महिने काढ. एप्रिलच्या शेवटी मी आलेच, मग तुला हात धरून नेईन.

व्हिसाच्या कागदांसाठी वाशिमला दोन चकरा झाल्या. बँकेतला पोरगा म्हणाला, “आजी, कायले जाता एवढ्या दूर?” मी म्हटलं, “नातीले न्हाऊ घालाले.” अख्खी बँक हसली. पाट मी बॅगेत आडवा बसवून पाहिला, बसतो.

तुझी
आई


डर्बी
२४ मार्च २०२५

आई,

हे फोनवर तुला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहितो.

१६ तारखेला पहाटे स्नेहा बाथरूममध्ये पडली. फळी सरकली आणि तिचा एक पाय मांडीपर्यंत खाली गेला. पोट तुळईवर आपटलं. अँब्युलन्स लगेच आली. बाळाला ते वाचवू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाळंतपण करावं लागलं. पूर्ण वाढलेली दिसत होती. नाक तुझं होतं.

स्नेहाच्या जिवाला धोका नाही. ती दवाखान्यातून तिच्या कामावरच्या बाईकडे गेली. घरी यायला तयार नाही. माझ्याशी बोलत नाही.

मी काय करू? मी कोणासाठी खपत होतो? दिवसा काम, रात्री हातोडा. तिने पडदा नीट ओढला असता तर यातलं काहीच झालं नसतं. तुला वाटेल मी दगड झालो, पण हाच विचार डोक्यात फिरतो. सोबत फोटो पाठवतो, नोव्हेंबरात, जमीन उखडण्याआधी विमावाल्यांसाठी काढलेला. तूच बघ किती पाणी मुरलं होतं. खिडकीचा कोपरा सगळा काळा आहे. त्यात चार गोल खड्डे दिसतात ना, तिथे रोज काहीतरी वजनाचं ठेवलं जायचं, असं बिल्डर म्हणाला. आम्ही तिथे कधी काही ठेवल्याचं मला आठवत नाही.

तू येऊ नकोस आता. काय करायचं येऊन!

प्रसेन


मंगरूळपीर
५ एप्रिल २०२५

चि. प्रसेनजित,

हे पत्र स्नेहालाही पाठवते आहे. दोघांनी वाचा.

तुझा फोटो मी मोठा करून पाहिला. ते चार खड्डे स्टुलाच्या पायांचे आहेत. स्नेहाचं बागेतलं स्टूल. त्यावर मी बसायची. तुम्ही कामावर गेल्यावर, रोज, मी त्या कोपऱ्यात बादलीभर पाणी अंगावर घ्यायची. पाणी नाहीसं व्हायचं म्हणून मला वाटायचं, खाली मोरी आहे. जमिनीत पाणी जाण्याजोगी जागा असली म्हणजे ती मोरी, एवढंच मला माहीत. न्हाणीघराची जमीन लाकडाची असते, तिला पाणी चालत नाही, हे या जन्मात कधी पाहिलंच नव्हतं.

तुझ्या बायकोने पडदा नीट ओढला होता. पाणी माझं होतं. आणि पाणी जपून वापर म्हणून तिला शिकवणारीही मीच. फळीवरून जा म्हणणारीही मीच. ती पत्रं तुझ्याकडे नसतील, तिच्याकडे आहेत. माग आणि वाच. मग तिच्या दाराशी जा आणि ती म्हणेल तेवढा वेळ उभा राहा. आत ये म्हणाली नाही तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

पोहरादेवीची यात्रा सुरू झाली. रस्त्यावरून दिवसभर गाड्या जात आहेत. मला ऐकू येत नाहीत, पण घराची खिडकी थरथरते. दुपटी हलिमा उचलून घेऊन गेली, माझ्या नजरेस पडू नयेत म्हणून. पाट बॅगेतच आहे. तो काढायला माझा हात होत नाही.

स्नेहा, तुला माहीत होतं. नोव्हेंबरातच मी तुला स्टुलाचं, कोपऱ्याचं सगळं लिहिलं होतं, आणि तू ते त्याला दाखवलं नाहीस. माझ्या शिव्या खाल्ल्यास, त्याच्या खाल्ल्यास. एक ओळ लिहिली असतीस तर मी स्वतःला शिव्या देऊन तुला त्या घरातून बाहेर काढलं असतं गं. कायले गप्प राह्यली, माय?

भागिरथा


डर्बी
२० एप्रिल २०२५

ती. आईंस,
जयभीम.

विचारलंत म्हणून सांगते. तुमचं पत्र वाचलं त्याच आठवड्यात छत पडलं. बिल्डर कोपऱ्यात वाकून म्हणाला, इथे कोणी बादली ओततं का? प्रसेनजित हसला. मी हसले नाही. मला तेव्हाच कळलं.

सांगितलं असतं तर त्याने तुम्हाला पुन्हा बोलावलं नसतं. त्याने बोलावलं असतं तरी तुम्ही आला नसतात. लाजेने आला नसतात, हे मला माहीत होतं. आणि मला तुम्ही हव्या होता. माझ्या बाळाला कोणीतरी न्हाऊ घालायला हवं होतं. त्यासाठी थोडं ऐकून घ्यावं लागलं तर घेऊ, एवढाच हिशोब केला. एवढी किंमत पडेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या फळीच्या पत्राचा मला राग आला होता, अजूनही आहे. खोटं लिहीत नाही. पण तुमचीच आठवण येते, हेही तितकंच खरं.

प्रसेनजित येतो रोज. दाराशी उभा राहतो. काल मी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली, तो बसला. बाथरूम पूर्ण झालं म्हणाला. बिल्डरलाच दिलं शेवटी, चौदाचे सोळा हजार झाले. खिडकीच्या कोपऱ्यात जाळी बसवून घेतली आहे, उतार काढून. त्याने फोटो दाखवला. पांढरी फरशी, छान आहे. मी अजून तिथे गेले नाही, आणि जाईन की नाही ते माहीत नाही.

एक गोष्ट त्याने तुम्हाला लिहिली नसणार. दवाखान्यात तो तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मुलगी झाल्यावर तिला गुंडाळून माझ्याजवळ दिलं. नर्स वयस्कर होती, तुमच्याएवढी. तिने विचारलं, हिला आंघोळ घालायची आहे का तुला? इथे विचारतात तसं. तिने टेबलावर छोटा टब आणला. मी म्हटलं, असं नाही, मला खाली बसायचं आहे. तिला काही कळलं नाही, पण तिने खाली चादरी अंथरल्या आणि मला दंडाला धरून बसवलं. मी म्हटलं, पाणी सांडेल जमिनीवर. ती म्हणाली, सांडू दे, पुसून घेऊ.

मी पाय लांब पसरले. तिला नडग्यांच्या मधे ठेवलं. पाणी कोपराने पाहिलं. तेल नव्हतं, बेसन नव्हतं, नुसतं पाणी. हात सैल सोडला नाही, आवळला नाही. आणि तुम्ही सांगितलं होतं तसं बोलत राहिले. तुमचं नाव सांगितलं तिला, गावाचं नाव सांगितलं, हलिमामावशींच्या रंगीत दोऱ्याचं सांगितलं. घाबरू नये म्हणून.

डोक्यावरून पाणी आधी घालायचं की शेवटी, ते तुम्ही आल्यावर दाखवणार होता. मी शेवटी घातलं. बरोबर केलं ना?

तुमची
स्नेहा